वाचकाचे वर्ष निराळे असते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या डिसेंबरच्या अखेरच्या रविवारी आपल्या पुरवणीत सरत्या वर्षातील उल्लेखनीय पुस्तकांची, जाणकारांनी निवडलेली यादी प्रसिद्ध झाली होती. मी ती कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आणि पाडव्यापर्यंत त्यांतील जमतील तेवढी पुस्तके मिळवून वाचायचे ठरवले. पाडवा झाला, दोन मिळाली, दोन्ही चांगली निघाली, आणि यादी अजून दारावर आहे. तेव्हा हे पत्र त्या निवडीविरुद्ध तक्रार म्हणून लिहीत नाही. यादीतील प्रत्येक पुस्तक त्याच बारा महिन्यांत छापलेले होते, आणि वाचणाऱ्या माणसाचे वर्ष सहसा तसे नसते, एवढेच मला म्हणायचे आहे.

मी एका पतसंस्थेत एकतीस वर्षे रोखपाल होते. निवृत्तीनंतरही हात खतावणी मागत राहिला, म्हणून वाचलेल्या पुस्तकांची नोंदवही ठेवू लागले : पुस्तक कोठून आणले, कधी आणले, कधी परत केले आणि शेवटी शेरा. माझे वर्ष पाडव्याला उघडते आणि फाल्गुन अमावास्येला मिटते. गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत वहीत त्रेचाळीस नोंदी झाल्या. त्यांतील अलीकडे प्रकाशित झालेली पुस्तके तीन. उरलेली चाळीस जुनी, आणि ज्यांच्यापुढे मी तांबड्या शाईने खूण केली आहे ती सगळी त्या चाळिसांतली.

जुन्या पुस्तकांकडे वळण्याला एक घरगुती कारण आहे. आम्ही शुक्रवार पेठेत, नदीपासून फार दूर नाही, अशा ठिकाणी राहतो. पंचगंगेची इशारा पातळी एकोणचाळीस फूट आणि धोका पातळी त्रेचाळीस फूट हे आकडे आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर पाठ होतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी त्या दोन्ही आकड्यांच्या फार वर गेले, आम्ही कपडे आणि कागदपत्रे घेऊन नातेवाइकांकडे गेलो आणि पुस्तकांचे कपाट खालच्या खोलीत राहिले. परत आलो तेव्हा पानाला पान चिकटून एकेका पुस्तकाची वीट झाली होती. काही गच्चीवर वाळत घातली, पण गाळाचा वास गेला नाही आणि मग बुरशी आली. शेवटी महापालिकेच्या गाडीत चिखलाबरोबर पुस्तकेही टाकली. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आले तोवर आम्ही शहाणे झालो होतो आणि कपाट माळ्यावर गेले होते. मात्र तेव्हा त्यात ठेवण्यासारखे फारसे काही नव्हते. गेल्या वर्षी मी मनाशी ठरवले, की गेलेल्यांपैकी जी पुस्तके अजून आठवतात ती एकेक करून पुन्हा मिळवायची, विकत नाही तर वाचनालयातून, आणि आठवण खरी होती की नुसतेच वय बोलत होते ते तपासायचे.

तांबड्या खुणेचे पहिले पुस्तक विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. वरसईचे हे भटजी घरचे कर्ज फिटावे म्हणून, उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत असे ऐकून, १८५७ साली चुलत्यांबरोबर घराबाहेर पडतात आणि दानदक्षिणेच्या आशेने निघालेले दोन ब्राह्मण थेट बंडाच्या वणव्यात सापडतात. शाळेच्या वयात मी ते झाशीच्या राणीसाठी वाचले होते. आता वाचताना राणीपेक्षा गोडसे भटजीच जास्त दिसले : पैसा जमवणारा, तो पुन:पुन्हा लुटला जाणारा, भुकेला, भेदरलेला, आणि इतके असूनही आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावरून घरी आणणारा माणूस. झाशीत इंग्रज फौज शिरल्यानंतरची कत्तल आणि लूट त्यांनी जशी पाहिली तशी सांगितली आहे. तेथील ग्रंथसंग्रहाची धूळधाण कशी झाली तेही त्यात आहे, आणि तो मजकूर पहिल्या वाचनात माझ्या लक्षातही राहिला नव्हता. २०१९ नंतर वाचताना मात्र मी त्या पानावर थांबले. आमच्याकडे आले ते नदीचे पाणी होते, त्याची तुलना तलवारीशी करणे बरे नव्हे, हे मला समजते.

या पुस्तकाच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगणे अगत्याचे वाटते. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून गोडसे यांनी हा वृत्तांत लिहिला आणि वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु प्रसिद्ध करताना त्यांनी भाषा सारखी केली आणि मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेला पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये लोकांपुढे आणला. म्हणजे 'माझा प्रवास' वाचला असे दोन माणसे म्हणतात तेव्हा दोघांनी एकच पुस्तक वाचले आहे असे नाही. पुरात गेलेली माझी प्रत वैद्यांच्या पाठाची होती आणि वाचनालयातून मिळालेलीही त्याच पाठाची आहे.

आवृत्तीचा हाच घोळ 'स्मृतिचित्रे'च्या बाबतीत जास्त जाचक झाला. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये वारल्या, आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी ग्रंथ सर्वांसाठी खुला होतो, आणि त्यामुळे हे पुस्तक आज कोणालाही छापता येते. छापावेच, स्वस्तात मिळते याचा आनंद आहे. पण मी एका दुकानातून हौसेने घेतलेली प्रत घरी येऊन वाचते तर प्रसंगांमागून प्रसंग नाहीत! मला वाटले, माझीच स्मृती दगा देते आहे. मग आतल्या पानावर बारीक अक्षरांत 'संक्षिप्त' हा शब्द सापडला. तो मुखपृष्ठावर छापला असता तर शाई किती लागली असती? अशोक देवदत्त टिळक यांनी संपादित केलेली संपूर्ण आवृत्ती पुढे वाचनालयात मिळाली आणि माझ्या स्मृतीवरील आळ दूर झाला.

पुस्तकाविषयी काय लिहावे? त्याच्या आरंभीच १८५७ आहे. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, त्या धामधुमीत फाशी झाली आणि त्याचा धक्का बसून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या अंगात सोवळे शिरले, ते घरादाराला छळत राहिले. गोडसे भटजींचे पुस्तक खाली ठेवून लगेच हे उचलल्यामुळे मला ही जोडणी दिसली. एरवी पन्नास वर्षे दोन्ही पुस्तके एकाच कपाटात होती आणि एकमेकांशी बोलली नव्हती. पुढे नारायण वामन टिळकांचा संसार, त्यांचे घर सोडून जाणे, १८९५ मधील धर्मांतर, लक्ष्मीबाईंची त्या काळातील तगमग आणि काही वर्षांनी त्यांनी स्वत: घेतलेला तोच निर्णय, हे सगळे ठाऊक असलेलेच आहे. मला या वेळी जाणवले ते असे, की बाई रडण्याच्या जागी हसवतात आणि त्या हसण्यात कोठेही नवऱ्याची बेअब्रू होत नाही, पण त्याला सूटही मिळत नाही. हे कसब आले कोठून, हे मी दोनदा वाचूनही सांगू शकत नाही. वहीतील शेरा फक्त 'पुन्हा' असा आहे.

आता 'झोंबी'विषयी. आनंद यादव कागलचे, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचे, आणि माझ्या सासूबाईंचे माहेर त्याच तालुक्यातले. सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे, म्हणून १९८७ चे हे आत्मचरित्र मी त्यांना रोज दुपारी मोठ्याने वाचून दाखवले. पहिले आठ दिवस त्यांची तक्रार एकच होती : "ह्यात काय लिवायचं? हे तर आमच्या घरातलंच हाय." पण मुलाला शाळेतून काढून मळ्यात जुंपणारा बाप, त्याच्यापुढे काही चालत नसल्याने मुलाला घेऊन दत्ताजीराव देसाई सरकारांच्या वाड्यावर जाणारी आई, आणि शाळेच्या आधी पाणी पाजायचे व शाळेनंतर गुरे राखायची या अटीवर मिळालेली परवानगी, एवढे वाचून झाल्यावर सासूबाई गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या ठोक्याला त्याच पुस्तक उशाशी घेऊन बसलेल्या. कविता चालीवर म्हणून दाखवणारे सौंदलगेकर मास्तर आले तेव्हा त्यांनी ती पाने दोनदा वाचायला लावली. त्यानंतर त्यांनी स्वत:च्या दोन भावांची हकिगत सांगितली, एक शिकलेला आणि एक न शिकलेला. लग्न होऊन मी या घरात आले त्याला चाळीस वर्षे झाली. ही हकिगत मी प्रथमच ऐकली.

'झोंबी'ला १९९० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला हे आपल्याकडे सांगितले जाते, पण त्याच्या हिंदी अनुवादातला हा शाळेचा भाग 'जूझ' या नावाने बारावीच्या हिंदीच्या पाठ्यपुस्तकात आहे आणि उत्तरेकडील मुले तो परीक्षेसाठी पाठ करतात, हे कोल्हापुरात फारच थोड्यांना ठाऊक असते. कागलच्या मळ्यातील त्या पोराला दिल्लीची मुले ओळखतात आणि आमच्या गल्लीतील अकरावी-बारावीची मुले ओळखत नाहीत. मी दोघांना विचारून पाहिले, म्हणून लिहिते.

महाभारताच्या पुस्तकांनी आषाढ-श्रावण खाल्ला. सुरुवात खांडेकरांच्या 'ययाति'ने केली, कारण मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळवून देणारे भाऊसाहेब आमच्या शहरात राहिले, येथेच त्यांनी लिहिले, आणि 'ययाति' न वाचलेली मुलगी आमच्या काळी कॉलेजात गेली असे मानत नसत. स्पष्ट लिहायचे तर या वेळी निराशा झाली. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वत: सांगतात ही योजना आजही उत्तम वाटते; पण तिघांच्याही तोंडी सुभाषितांची इतकी दाटी आहे, की कोण बोलते आहे ते पानाच्या माथ्याकडे पाहून ठरवावे लागते. सोळाव्या वर्षी मी हीच वाक्ये वहीत उतरवून घेतली होती. दोष कोणाचा, हे मी ठरवलेले नाही.

त्यावर उतारा म्हणून इरावती कर्वे यांचे 'युगान्त' घेतले आणि तेथे तांबडी खूण झाली. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या इरावतीबाई भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून उचलून एका मोठ्या, भांडखोर, जमिनीवरून आणि वारशावरून फाटलेल्या कुटुंबात नेऊन बसवतात. अशी कुटुंबे मी खिडकीपलीकडून कर्ज मागताना पुष्कळ पाहिली आहेत, म्हणूनही असेल, मला त्यांचे म्हणणे चटकन पटले. गांधारीवरील लेख तर वनातील अखेरच्या दिवसांचा आहे. तो मी एका बैठकीत वाचला आणि नंतर दोन दिवस दुसरे काही हातात धरवले नाही. पाठोपाठ भैरप्पांचे 'पर्व' उमा कुलकर्णी यांच्या मराठीत वाचले. चमत्कार वगळून तीच कथा सांगण्याचा हा दुसरा मार्ग. जाडजूड असल्याने हात दुखले, पण 'युगान्त' ताजे असताना ते वाचण्यात मजा आहे, कारण इरावतीबाई जेथे प्रश्न विचारून थांबतात तेथे भैरप्पा आत शिरून पात्रांना बोलते करतात. कर्नाटकाची हद्द आमच्यापासून तासाभरावर असून कन्नड वाङ्मय आम्हाला अनुवादातूनच भेटते, आणि अनुवाद करणाऱ्यांची नावे आपल्या वार्षिक यादीत पुस्तकाच्या नावापुढे छापली जात नाहीत, हेही जाता जाता नोंदवते.

माडगूळकरांचे 'बनगरवाडी' आणि अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही दोन्ही पुस्तके पूर्वीइतकीच आवडली, त्यामुळे त्यांच्यावर जास्त लिहीत नाही. एवढेच सांगते, की धनगरांच्या वाडीत आलेला तरुण मास्तर शाळेबरोबर तालीम उभी करतो हा भाग तालमींच्या या गावात शिक्षकांच्या सभेत कोणीतरी वाचून दाखवावा. नव्या लेखकांपैकी पन्हाळा तालुक्यातील कृष्णात खोत यांचे 'रिंगाण' वाचले, ज्याला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी उठवलेली माणसे नव्या जागी आली, पण म्हैस मागे जुन्या रानात राहिली आणि रानटी झाली. तिला आणायला माणूस परत जातो, एवढ्या धाग्यावर कादंबरी उभी आहे. राधानगरीपासून पुढची सगळी धरणे पाहत, त्यांच्याच पाण्यावर वाढलेल्या आम्हा शहरी माणसांना हे पुस्तक वाचताना अवघडल्यासारखे होते. भाषा पहिली चाळीस पाने अडवते. तेवढी कळ काढावी.

आणि वर्षभर पुरलेले पुस्तक म्हणजे दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र'. १९५६ च्या या पुस्तकात मराठी बारा महिन्यांवर बारा लेख आहेत आणि मी पाडव्यापासून दर महिन्याला एकच वाचायचा असा नेम केला. तो मोडण्याचा मोह ज्येष्ठात झाला, पण आवरला. या नेमाचा परिणाम असा, की चैत्रात रंकाळ्यावर फिरायला जाताना मी झाडांची नावे विचारू लागले आणि फिरायला येणाऱ्या मंडळींना माझा कंटाळा येऊ लागला. दुर्गाबाईंचा आषाढ आणि आमचा आषाढ मात्र एक नाही. आमच्याकडे आषाढात राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की प्रत्येकजण मोबाईलवर फूट आणि इंच पाहत बसतो, ढगांकडे कोणी पाहत नाही. तो लेख मी त्याच आठवड्यात वाचला. पावसाकडे पाहून आनंद होऊ शकतो, हे २०१९ पासून मी विसरले होते.

संपादक महाशय, वर उल्लेखिलेल्या पुस्तकांपैकी विकत घेतलेली तीन. बाकी सर्व वाचनालयांतून आणि एक रद्दीच्या दुकानातून. कोल्हापुरात हे शक्य झाले याला मोठा इतिहास आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि ग्रंथालयांसाठी असा कायदा देशात प्रथम येथे झाला; मद्रासचा १९४८ चा, आणि आपल्या महाराष्ट्राचा तर १९६७ चा. राजर्षी शाहूंच्या वसतिगृहांबद्दल आपण दरवर्षी जूनमध्ये विशेष पान काढता, ते योग्यच आहे, पण संस्थानच्या या कायद्यावर एक चौकटही वाचल्याचे मला आठवत नाही. ज्या शहराने ग्रंथालयाला कायद्याचा आधार सर्वांआधी दिला त्या शहरातील दैनिकाने पुस्तकांची यादी देताना 'हे येथील कोणत्या वाचनालयात मिळेल' हा रकाना ठेवू नये, हे मला चमत्कारिक वाटते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. जाणकारांची यादी डिसेंबरात जरूर द्यावी. तिच्याशी माझे भांडण नाही. परंतु पाडव्याच्या सुमारास एक पान वाचकांसाठी ठेवावे आणि त्यांना विचारावे, की गेल्या वर्षात तुम्हाला कोणते पुस्तक सर्वांत जास्त आवडले, मग ते कधीही छापलेले असो. उत्तरात पुस्तकाबरोबर आवृत्ती, अनुवाद असल्यास अनुवादकाचे नाव, प्रत संपूर्ण आहे की संक्षिप्त, आणि ती कोठून मिळाली, एवढे मागावे. ज्यांची पुस्तके पुरात गेली अशी घरे या शहरात आणि शिरोळ तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांना नव्या पुस्तकांच्या जाहिरातीपेक्षा जुने पुस्तक कोठे शिल्लक आहे याचा पत्ता जास्त उपयोगी पडेल. आवडले नाही ते पुस्तकही लिहायला सांगावे. 'ययाति'वर माझ्याशी भांडायला निदान दहाजण पुढे येतील आणि तेवढ्यासाठी तरी दहाजण ते पुन्हा वाचतील.

अशा पानाची वाट न पाहता मी माझ्यापासून सुरुवात करते. पोतदारांनी संपादित केलेला 'माझा प्रवास'चा मूळ पाठ आपल्या वाचकांपैकी कोणाकडे असल्यास त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मी स्वत: येऊन घेईन, खाकी कव्हर घालून वाचीन आणि महिन्याच्या आत परत करीन. तसेच 'झोंबी'चा पुढचा भाग 'नांगरणी' वाचनालयात एका वाचकाकडे दोन महिन्यांपासून आहे. ते गृहस्थ किंवा त्या बाई हे पत्र वाचत असतील, तर त्यांना कळावे, की येथे एक म्हातारी रोज दुपारी दोन वाजता विचारते आहे, त्या पोराचं पुढं काय झालं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक
शुक्रवार पेठ, कोल्हापूर